काचेवर उतरलेलं वजन

माझी मुलगी सहा दिवसांची असताना एका सकाळी तिचं दोनशे ग्रॅम वजन खिडकीच्या काचेवर उतरलं. मी तिला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिलं. मग काच फडक्याने पुसली, फडकं वाटीत पिळलं आणि ते पाणीही मोजलं. बरोब्बर दोनशे. पाण्याला जावळाचा वास येत होता.

"काचेला घाम आलाय, दुसरं काय," आई म्हणाली. "डिसेंबरातलं नाशिक आहे हे."

माझी आई जीव लावणारी बाई. तिच्या मते बाळंतिणीचा जगात एकच वैरी, तो म्हणजे वारं. म्हणून माझ्या डोक्याला घट्ट रुमाल, कानांत कापूस, कॉटखाली ओव्याच्या धुरीची शेगडी. कोपऱ्यात गरम पाण्याचं उघडं पातेलं आणि डोक्यावरच्या दोरीवर ओले लंगोट. खिडकीच्या फटींत ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायची. एक चिंधी कोंबली की चारही भिंती वीतभर आत यायच्या.

आठव्या दिवशी मला पाय लांब करता येईनात. नवव्या दिवशी मुलगी निम्मी उरली होती आणि काचेवर थेंबांचं दुसरं बाळ स्पष्ट दिसत होतं, मुठी आवळून झोपलेलं. बाराव्या दिवशी बारसं. तोवर पाळण्यात घालायला काही उरेल की नाही, याची मी धास्ती घेतली.

"आई, ही काचेवर चाललीय."

"असू दे. वारं तर लागत नाहीये ना?"

दहाव्या दिवशी मी काचेला तळहात लावून बसले. काच गारठलेली होती. खोलीतली हवा मात्र आमच्या श्वासांनी, पातेल्याच्या वाफेने, लंगोटांच्या ओलीने गच्च भरलेली. एवढ्या वाफेला जायला वाटच नव्हती. वाट नसली की वाफ खोलीतली सगळ्यात गार जागा शोधते आणि तिथे पाणी होऊन बसते. जाताना हाताला लागेल ते सोबत नेते, आणि या खोलीत सगळ्यात हलकी माझी मुलगीच होती.

मला भयंकर राग आला. आईचा नाही, स्वतःचा. चार दिवस नुसती काच पुसत बसले होते मी. रुमाल सोडला, कापूस काढून टाकला. पातेल्यावर झाकण ठेवलं, शेगडी अंगणात नेली, लंगोट गच्चीवर वाळत घातले. मग खिडकीकडे वळले, तर आई आडवी उभी.

"अगं, जन्मभर कंबर धरून बसशील. आणि पोर वारं प्यालेल्या वासरासारखी होईल."

"तेच तर हवंय मला," मी म्हणाले.

पहिली चिंधी ओढली, भिंती वीतभर मागे सरल्या. दुसरी ओढली, मला पाय पसरता आले. चिंध्या बाहेर येता येता एकमेकींना जुळत गेल्या आणि शेवटची निघाली तेव्हा आईच्या हातात अख्खं लुगडं होतं, कुठेही न फाटलेलं. तिने ते उलगडून काठ पाहिला.

"हे तुझ्या बारशाला नेसले होते मी," ती म्हणाली आणि बाजूला झाली.

मी खिडकी बोटभर सरकवली. थेंबांचं बाळ पायांकडून वाळत गेलं. इकडे काटा पन्नास-पन्नास ग्रॅमने चढत होता. संध्याकाळपर्यंत वजन भरून निघालं, दुसऱ्या दिवशी वर तीनशे ग्रॅम झालं. मुलगी दुपट्यातून पाय मोकळे करून लाथा झाडू लागली. इतकी जिंकल्यासारखी मी आयुष्यात कधी हसले नव्हते. पुन्हा पुन्हा काचेवरून बोट फिरवून आईला दाखवत होते, कोरडं.

बारशाला माझी नणंद मृदुला आली. आत्या म्हणून नाव ठेवायचा मान तिचा. पाळण्यावर वाकून तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि "कुर्रर्र" केलं. मुलीने मान खिडकीकडे वळवली. आम्हीही पाहिलं.

काच आतून कोरडी ठणठणीत होती. बाहेरच्या बाजूने मात्र तिच्यावर श्वासाचा एक गोल उमटला होता, बाळाच्या तोंडाएवढा. त्या गोलात बाहेरून एक बारीक बोट अक्षर काढत होतं, आम्हाला आतून सुलट वाचता येईल असं.

मृदुलाने अक्षर वाचलं. तिने ठरवून आणलेल्या नावाचं ते नव्हतं. ओठांवर आलेलं नाव तिने गिळलं.

आई उठली. तिने खिडकी आणखी बोटभर सरकवली. बाहेरच्या बोटाने दुसरं अक्षर काढायला घेतलं.