बाबांची सही

“कसं लागतंय?” बाबांनी विचारलं.

“छान.”

“छान पाहुण्यांकडे म्हणायचं. नीट सांग.”

मी परत मूठभर पॉपकॉर्न तोंडात टाकले. ओट्यावर सात देशांची सात पाकिटं उघडी होती. एकावर अस्वल, एकावरची लिपीच कळेना, एक समुद्री शेवाळाचं. बाबा पॉपकॉर्नच्या कंपनीत चाखणारे. जगभरातले ब्रँड मागवायचे, चाखायचे, आपल्या मालापुढे कसे आहेत ते वहीत लिहून सही करायची. एकोणीस वर्षं हेच काम.

आणि बाबांना चव कळत नाही. लहानपणी मोठा ताप आला, त्यात नाकाला वास येणं बंद झालं ते कायमचंच. खारट, गोड एवढंच समजतं. आधी ते कंपनीत पाकिटं मोजायचे. जुना चाखणारा सोडून गेला, साहेबांनी विचारलं, बाबा हो म्हणाले. मी तेव्हा आईच्या पोटात होतो.

मग पाकिटं घरी यायला लागली. आई चाखायची, बाबा लिहायचे.

“ह्याला बंद कपाटाचा वास आहे.”

“हे लोणी नाही हो, लोण्याचा फोटो आहे.”

कंपनीत बाबांचे अभिप्राय मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचायचे. आई म्हणायची, “पगार तुमचा, तोंड माझं.”

चार महिन्यांपूर्वी आई गेली.

तेव्हापासून बाबा जुन्या वह्यांतली वाक्यं उतरवून देत होते. परवा पान चुकलं. कॅरॅमलच्या पाकिटाला लिहून आले, ‘लसूण करपलाय’. आज साहेब म्हणाले, “उद्या सगळ्यांसमोर चाखा.”

“तू फक्त सांग, मी पाठ करतो,” बाबा म्हणाले. पेन उघडून बसले होते.

“हे... कुरकुरीत आहे.”

“ते मलाही ऐकू येतं रे.”

मी सातही पाकिटं चाखली. चव कळत होती, पण सांगताच येईना. मला राग आला, स्वतःचाच. आई असती तर एव्हाना दोन पानं झाली असती.

“राहू दे,” बाबा म्हणाले आणि पेन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, चपला काढल्या, पाणी प्यायले.

“काय झालं?”

“खरं सांगून टाकलं. कुणाची चव होती ते.”

“साहेब काय म्हणाले?”

“बराच वेळ वही चाळत बसले. मग म्हणाले, उद्यापासून परत पाकिटं मोजायला.”

मग त्यांनी कपाटातून भरलेल्या अकरा वह्या काढल्या आणि पहिलीपासून सुरुवात केली. प्रत्येक पानावर, आपल्या सहीच्या वर, आईचं पूर्ण नाव. सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात. शाई वाळेपर्यंत थांबायचे, मग पान उलटायचे.

ओट्यावरची सात पाकिटं तशीच उघडी होती. मी एक दाणा तोंडात टाकला. मऊ पडला होता.

बाबांनी मान वर केली. पण कसं लागतंय, ते विचारलं नाही.