थँक्यू म्हणायचं नाही

डेव्हनमधल्या त्या गावात कुणी रोप दिलं तर थँक्यू म्हणत नाहीत. म्हटलं की रोप मरतं. डॅफ्नी लंडनहून इथे राहायला आली आणि हा नियम तेवढा पटकन शिकली. फुकटचं घ्यायचं आणि आभारही मानायचे नाहीत, तिला आणखी काय हवं होतं!

तिची शेजारीण एनिड. एनिडच्या नवऱ्याने, विल्फने, बी पेरून वर्षानुवर्षं वाट पाहून एक शोभेचा कांदा तयार केला होता. नारळाएवढं फूल, वांग्यासारखा गर्द रंग. डॅफ्नीने त्याचा एक गड्डा गोड बोलून मागून नेला. पुढे गावच्या फुलांच्या प्रदर्शनात तोच कांदा ‘डॅफ्नीचा मुकुट’ म्हणून पहिला आला. विल्फ टाळ्या वाजवून घरी आला, तो पुन्हा वाफ्याकडे फिरकलाच नाही. त्याच हिवाळ्यात तो गेला. त्याच्या वाफ्यातले गड्डे पाण्याने सडले. आता त्याचा कांदा उरला होता तो फक्त भिंतीपलीकडे, त्या चोरटीच्या नावाने.

एनिडने डोक्यात राख घालून घेतली नाही. ओढ्याकाठून तिने रानकांदा उपटून आणला. पांढऱ्या घंटांसारखी नाजूक फुलं, तिधारी दांडा. दिसायला गरीब गाय, पण एकदा बागेत शिरला की सात पिढ्या निघत नाही.

“डॅफ्नी, हे घे गं. तुझ्या मुकुटाच्या पायाशी शोभेल.”

“अय्या, किती गोड! थँक्... नाही नाही, म्हणायचं नाही ना!”

“मुळीच नाही,” एनिड म्हणाली. त्या रात्री तिला फार दिवसांनी छान झोप लागली.

दोन वसंत गेले. डॅफ्नीची बाग पांढरी झाली. गुलाब गुदमरले, हिरवळीला कांद्याचा वास सुटला. डॅफ्नी कुदळ घेऊन रडकुंडीला यायची आणि एनिड खिडकीत चहा ढवळत तो तमाशा पाहायची. भोग म्हणावं, भोग!

शेवटी डॅफ्नी स्वतःच भिंतीपाशी आली. हातात कुंडी.

“विल्फचा कांदा. एवढा एकच वाचलाय. माझ्याकडे नाही जगायचा आता. तूच ठेव.”

विल्फचा म्हणाली! एनिडने कुंडी दोन्ही हातांनी घेतली. थँक्यू अगदी ओठांवर आलं होतं, ते तिने दात आवळून गिळलं. हा कांदा जगायलाच हवा होता. विल्फच्या जुन्या वाफ्यात तिने कुंडी उपडी करून गड्डा होता तसा, मातीसकट, लावला.

मार्चमध्ये कोंब आला. रुंद, करडा, विल्फचाच. एनिड आनंदाने खाली बसली, आणि तिला त्याला बिलगून आलेलं दुसरं पान दिसलं. अरुंद, हिरवंगार, रानकांद्याचं. पलीकडे तिसरं. मग वाफाभर. तिने एक उपटलं, तर मुळाशी तांदळाएवढे पांढरे गड्डे, हात लावताच मातीत विखुरले. विल्फची मुळं न दुखवता ते काढणं शक्यच नव्हतं.

ती स्वयंपाकघरातला काटा घेऊन गुडघ्यांवर बसली. भिंतीवरून डॅफ्नी डोकावली.

“रुजला वाटतं? बरं झालं बाई, तू थँक्यू म्हणाली नाहीस.”

एनिडने वर पाहिलं. डॅफ्नी गोड हसत होती.

“मीसुद्धा नव्हतं म्हटलं.”