शेजारचा बोलका वर्ग

भिंतीपलीकडे पुन्हा हशा पिकला आणि मार्केट्टाच्या अंगाचा तिळपापड झाला. पलीकडे तिच्या सहकाऱ्याचा, इलारीचा, तास चालू होता. तीच मुलं, तोच इतिहास, पण तिथं घंटा झाली तरी त्यांचं बोलणं संपत नसे. इकडे तिच्यासमोर मात्र सगळ्यांची दातखीळ बसे. ती प्रश्न विचारी, जरा थांबे आणि शेवटी स्वतःच उत्तर देऊन मोकळी होई. उत्तरेकडच्या या थंड योएन्सू गावात मुलं शिक्षकांनाही नावानं, एकेरीतच हाक मारतात, पण त्यांना गप्प बसायला शिकवावं लागत नाही, हे खरं. मग इलारीकडेच त्यांना वाचा कशी फुटते? चर्चेचा हा तास तिनंच कॉलेजात सुरू केला होता, आणि आता वसंताच्या सत्रापासून तिच्याकडचा वर्गही इलारीला द्यावा असं विभागप्रमुख बोलूनही गेले होते.

सगळ्यात जास्त झोंबायची ती साइमी. पानगळ सरून बर्फ पडलं, तरी या मुलीनं तिच्या तासाला अवाक्षर काढलं नव्हतं. शेवटी मनावर दगड ठेवून मार्केट्टा इलारीच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसली. साइमी बोलत होती. नुसती बोलत नव्हती, इलारीचं म्हणणं खोडून काढत होती. मान खाली, हातात सुया, मांडीवर लोकर. निम्मा वर्ग असाच विणत बसला होता. नजर टाक्यांवर असल्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघून बोलायची वेळच येत नव्हती.

मार्केट्टाच्या वर्गात विणकामाला बंदी होती. माझ्याकडे बघा, असं ती पहिल्याच दिवशी बजावायची.

पुढच्या तासाला तिनं बंदी उठवली. मुलांचा विश्वास बसावा म्हणून स्वतःही सुया काढल्या. प्रश्न विचारला आणि खाली बघून विणत राहिली. उत्तर द्यायला जीभ वळवळत होती, पण तिनं ओठ मिटून धरले.

"मला नाही पटत," साइमीचा आवाज आला. "उपाशी लोकांनी धान्याचं कोठार फोडलं, तर त्याला तू बंड का म्हणतेस?"

मग एक मुलगा बोलला, दुसरीनं त्याला अडवलं. मार्केट्टाला भरून आलं. तास सुटल्यावर तिनं कौतुकानं साइमीला विचारलं, "काय विणतेयस गं एवढं मन लावून?"

"इलारीच्या घरी बाळ येणार आहे ना. आम्ही एकेक चौकोन विणतोय, जोडून पांघरूण करणार. तूही एक दे की."

म्हणजे माझ्या वर्गात बसून त्याच्याच बाळाची सरबराई. मार्केट्टाचा जळफळाट झाला. पण नाही कसं म्हणणार? मुलं आत्ता कुठे बोलायला लागली होती. पुढच्या तासाला तिनं पिवळी लोकर आणली आणि वर्ग तावातावानं भांडत असताना मुकाट्यानं विणत राहिली. उठता उठता साइमीनं तिचा चौकोन चाचपून पाहिला.

"टाके किती आवळलेस, मार्केट्टा," ती म्हणाली. "जरा सैल सोड. बाळाला टोचेल."

मार्केट्टानं सुई काढली आणि सगळा चौकोन उसवायला घेतला.