आमच्या खाचरातलं काश्मीर

काश्मिरात तेव्हा गोळ्या चालत होत्या, म्हणून शहाण्णव साली भर वैशाखात काश्मीर उंबरमाळीला आलं. आलं ते नेमकं आमच्याच भाताच्या खाचरात. दुसरीकडं जागा नव्हती मेल्यांना!

सिनेमावाले म्हणाले, तुमच्या शेतामागचा डोंगर झ्याक आहे, आठ दिवस इथं बर्फ पाडतो. मनस्वीचा बाप लगेच हो म्हणाला. मनस्वी आमची पोर. नवऱ्याचं नाव मी घेत नाय, तेव्हा तुमी आपलं समजून घ्या. त्याचं डोकं असं चाललं, की बर्फ म्हणजे पाणी आणि उन्हाळ्यात जमिनीला फुकट पाणी मिळतंय तर नको कशाला म्हणायचं? एवढा हुशार तो कधीच नव्हता, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

बर्फ ट्रकातनं आला, बिनछापाच्या पोत्यांतनं, पांढरी पावडर. "सिनेमाचा बर्फ असाच असतो," डायरेक्टर म्हणाला. असंल बाई. आमी कुठं बघितलाय खरा? बघता बघता सगळं खाचर गुडघाभर पांढरं झालं. बरोबर एक बुटका लाल ट्रॅक्टरही आला. अमेरिकेतल्या कुणा साहेबाच्या बागेत गवत कापून कापून म्हातारा झालेला. पुढं बर्फ ढकलायला रुंद लोखंडी पातं. हिरोनं त्याच्यावर बसून बर्फात अडकलेल्या हिरोइनपर्यंत वाट काढायची, असा सीन होता.

पण हिरोला ट्रॅक्टर आवरेना. तीनदा तो बांधावर चढला आणि एकदा हिरोइनवर. शेवटी सापगावच्या मुकेश मेकॅनिकला बोलावलं. त्यानं खाली वाकून बघितलं नि सांगितलं, "याला गिअरच नाय. तेलाच्या जोरावर चालतो. पायाच्या बोटांनी दाबा, पुढं जातो. टाचेनं दाबा, मागं येतो. बैलापेक्षा सोपा."

बैल म्हटल्यावर सगळ्यांनी मनस्वीच्या बापाकडं बघितलं. हिरोचा लोकरी कोट, केसाळ टोपी, बूट, सगळं त्याच्या अंगावर चढलं. उन्हानं डोंगर करपून चाललेला आणि हा घामानं निथळत काश्मिरात निघाला. बांधापाशी पोचला. बूट काढले, शिस्तीत बांधाला लावून ठेवले, जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि अनवाणी ट्रॅक्टरवर जाऊन बसला.

"कट!" डायरेक्टर ओरडला. "गणू, बूट कुठे आहेत?"

"बांधावर."

"अरे, बर्फात अनवाणी कोण जातं?"

"साहेब, शेत हाय. शेतात काय वहाणा घालून जाऊ?"

पुन्हा बूट घातले. पुन्हा बांधापाशी आपोआप निघाले. असं सात वेळा झालं. त्याच्या बापानं, आज्यानं कधी खाचरात वहाण नेली नाय, तर डायरेक्टरच्या ओरडण्यानं हा नेणार होय? आठव्या वेळी डायरेक्टरनं माझ्याकडनं तव्याची काजळी मागून घेतली, ह्याच्या पायांना घोट्यापर्यंत फासली आणि लांबून बूट दिसतात असं ठरवून टाकलं. मग मात्र त्यानं चार दिवस असा बर्फ नांगरला, की नांगरटीला नाव ठेवायला जागा नाय. वळताना "हर्र, हर्र" तेवढं ओरडायचा. ट्रॅक्टर ऐकायचा असं त्याचं म्हणणं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो लंगडत घरी आला. टाचांच्या भेगा लालभडक झालेल्या.

"आग आग होतंय गो. जखमेवर मीठ चोळल्यावानी."

मी त्याचे पाय धुवायला बसले होते. हात थांबला. त्याच्या घोट्यावरची पांढरी पावडर बोटानं घेतली, जिभेवर ठेवली. आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. अहो, मीठ! सगळं खाचर मिठानं भरलेलं! आमचं एकच खाचर. वर्षाचा भात त्याच्यातनं निघतो. खारी झालेली जमीन म्हणजे मेलेली जमीन.

सकाळी मी डायरेक्टरपुढं उभी. तो सामान बांधत होता.

"हे मीठ हाय!"

"मीठच आहे बाई. एवढी काय घाबरता? पावसात विरघळून जाईल."

"विरघळून जाईल कुठं? वर आभाळात? खालीच मुरंल ना, मुडद्या!"

त्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो ट्रकवाल्याकडं बघायला लागला, ट्रकवाला डोंगराकडं. त्यांचे गडी ट्रॅक्टर ट्रकात चढवायला निघाले, तशी मी जाऊन त्याच्या पात्यात मांडी घालून बसले. म्हटलं, ज्यानं केला त्यानं पसारा उचलायचा, नायतर हा ट्रॅक्टर इथंच राहील. ट्रॅक्टर भंगारातनं आणलेला. तेवढा ठेवून ते दुपारच्या आत पळाले.

ह्याच्या पायांचं भरीत झालेलं, त्याला उभं राहवेना. मग काय, मीच पदर खोचला. चपला? बांधावर! मुकेशनं पातं बोटभर वर बांधून दिलं, म्हणजे मीठ जाईल आणि माती राहील. बोटं दाबली, पुढं. टाच दाबली, मागं. तासाभरानं उन्हात तेल तापलं, की म्हातारा ढेपाळायचा, कितीही दाबा, जागचा हलेना. मग त्याच्यावर ओलं पोतं टाकायचं आणि दोघांनी गार होत बसायचं. मी आंब्याखाली ताक प्यायचे, तो ठिबकायचा.

वैशाखात एक बाई बर्फ लोटतेय, हे बघून एसटीतला एक गृहस्थ थांब्यावर उतरला, दोन पोरं घेऊन. पोरांनी गोळे केले, एकमेकांना मारले, एक खाल्ला. मग तिघंही थुंकत थुंकत पुढच्या गाडीनं गेले.

रस्त्याकडंला मिठाचा डोंगर झाला. लोणच्याचे दिवस. बाया पोती घेऊन आल्या. त्या वर्षी उंबरमाळीपासून सापगावपर्यंत एका घरातलं लोणचं नासलं नाय. पण पातं फिरलं तरी जमिनीत उरलं असणारच, किती ते कुणाला ठाऊक?

ते कळलं बैलांना. पाऊस झाला, ह्याचे पाय बरे झाले, नांगर जुंपला. बांड्या आणि मोऱ्या चार पावलं गेले, थांबले आणि माना खाली घालून जमीन चाटायला लागले. हाणा, ओढा, शिव्या द्या, हलायचं नाव नाय! गावातली बाकीची गुरं वासावर आली, तीही चाटायला लागली. खाचरात म्हसा गावची गुरांची जत्राच भरली! मीठ धुवून जावं म्हणून मी बांध फोडला, भरलेलं पाणी सोडून दिलं. पुन्हा भरू दिलं, पुन्हा सोडलं. चार दिवसांनी जुंपले, पुन्हा चाटणं. पुन्हा पाणी सोडलं, पुन्हा चाटणं. राबात वाढवलेलं भाताचं रोप गुडघ्याला आलं, लावणीवाचून पिवळं पडायला लागलं. लोकांच्या लावण्या उरकल्या. मनस्वी विचारायची, आई, या वर्षी आपण काय खायचं? मी म्हणायचे, लोणचं.

चौथ्यांदा जुंपले. मी बांधावर बसले. एक तास गेला, दुसरा गेला. बैल चालत होते. मग वरचा कोपरा आला, सगळ्यात जास्त मीठ पडलं होतं तो. बांड्यानं मान खाली घातली. मी देवाचं नाव घ्यायलाही विसरले. त्यानं हुंगलं, फुस्स केलं, शेपटीनं माशी मारली आणि चालायला लागला.

मी हमसून हमसून रडले. लाज कसली त्यात.

ह्यानं नांगर धरूनच मागं बघितलं, चिखलात उभा, अनवाणी.

"डोळे पूस गो आधी," तो म्हणाला. "बैलांनी बघितलं तर परत थांबतील."