सर, हे मराठीत सांगा

"पुट अप विथ," शेषेराव सर म्हणाले आणि डोळे घट्ट मिटून त्यांनी डावा हात पुढे केला. "आधी अर्थ सांग, मग टोच."

"सहन करणे," पंचशीला म्हणाली आणि सुई आत सरकवली.

"वाक्य?"

"आय पुट अप विथ... माय नवरा."

सर खुदकन हसले. त्या हसण्यातच दुसरी सुईही आत गेली. पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या गुणाबाईंनी मान वर केली.

"काय म्हणाली ती?"

"नवऱ्याला सहन करून राहिले म्हणते."

"मंग त्याला इंग्रजी कशाला पायजे?" गुणाबाई म्हणाल्या. "ते तर मराठीतबी होतंय."

पंचशीलानं नळ्या जोडल्या, यंत्र सुरू केलं. सरांचं रक्त एका नळीतून बाहेर आणि दुसरीतून परत, असं चार तास फिरत राहणार होतं. नांदेडच्या त्या खासगी रुग्णालयात डायलिसिसची आठ यंत्रं होती आणि खिडकीजवळचं यंत्र मंगळवारी आणि शुक्रवारी सरांचं असे. तीन वर्षं झाली होती. सरांचं वय एकाहत्तर. धर्माबादच्या हायस्कुलात एकतीस वर्षं इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, आणि मग किडन्यांनीही काम सोडलं.

पंचशीला त्या विभागाची प्रमुख नर्स. माहेर कंधारजवळच्या खेड्यातलं, वडील शाळेत शिपाई. आता ती एक्केचाळीस वर्षांची होती. नवरा आनंदराज मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवायचा, मुलगी धम्मप्रिया लातूरला बारावीच्या क्लाससाठी राहत होती. पंचशीलाबरोबरच्या दोघी जणी परदेशात नर्स म्हणून गेल्या होत्या. तिथं जायचं तर नर्सेससाठीची इंग्रजीची परीक्षा लागायची. पंचशीलानं ती हैदराबादला जाऊन दिली. वाचन, लेखन, ऐकणं सगळं निघालं. बोलण्यात नापास झाली.

बोलण्याच्या परीक्षेत समोरची बाई रुग्णाचं सोंग घ्यायची. ती पोटावर हात ठेवून म्हणाली, "आय थ्रू अप." पंचशीलाला वाटलं, हिनं काहीतरी वर फेकलं. तिनं अदबीनं विचारलं, "व्हॉट डिड यू थ्रो?"

नर्सिंगच्या एकोणीस वर्षांत तिनं किती जणांच्या ओकाऱ्या पुसल्या असतील याचा हिशोब नव्हता. आणि साधी ओकारी तिला ओळखता आली नव्हती.

त्यानंतर ती मोबाइलवरून अशा जोडक्रियापदांची यादी उतरवून घेऊन यंत्रांमध्ये फिरताना पुटपुटायला लागली. एके दिवशी सरांनी हाक मारली.

"काय जप चाललाय, सिस्टर?"

तिनं लाजत सांगितलं. सरांनी यादी हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली.

"पाठ करून हे येत नसतं. तू कंधारकडची ना? 'काय करून राहिली' म्हणतेस ना तू?"

"हाव."

"त्यातलं 'राहिली' कुठं राहतंय? घर आहे का त्याला?" सर उत्साहानं थोडे उठून बसले. "बोलून बसला. त्यात कोणी बसलं का? खाऊन टाकलं. टाकलं कुठं? मरून गेला. गेला कुठं? आपण दिवसभर हेच करतो. क्रियापदाला शेपूट लावतो आणि अर्थ फिरवतो. इंग्रजही तेच करतो, फक्त शेपूट वेगळं. त्याच्या शेपटाला घाबरू नको."

पंचशीला तिथंच उभी राहिली. यादीतलं सगळं जसंच्या तसं होतं, पण आता ते परकं वाटेना.

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. सुया टोचताना दोन, मधे रक्तदाब तपासायला आली की एक, सुया काढताना उजळणी. सर कडक होते. चुकलं की यंत्राच्या आवाजावर त्यांचा आवाज चढायचा, शेजारचे पेशंट दचकायचे. "पास आऊट म्हणजे चक्कर येऊन पडणं! पास अवे म्हणजे मरणं! नातेवाइकाला यातलं कोणतं सांगतेस, लक्ष ठेव, नाहीतर जिवंत माणसाला रडतील!" गुणाबाई म्हणायच्या, "हळू वो. बीपी वाढंल." आणि शिकवणीच्या दिवशी बीपी खरंच बरं असायचं.

श्रावणात ते बिघडलं. सरांचं हृदय कमजोर झालं होतं. यंत्र लावून तासभर झाला की रक्तदाब खाली यायचा, पायात गोळे यायचे, सर ओठ दाबून छताकडे बघत राहायचे. एका मंगळवारी दोनदा यंत्र थांबवावं लागलं. पंचशीलानं त्यांचे पाय चोळले, सलाइन दिलं. गुणाबाई पदरानं त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होत्या.

थोडं बरं वाटल्यावर सर इंग्रजीत म्हणाले, "सिस्टर, आय वॉन्ट टु कॉल इट ऑफ."

तिला वाटलं, शिकवणी सुरू झाली. "कॉल ऑफ. रद्द करणे. द मीटिंग वॉज कॉल्ड ऑफ."

"नो." सरांनी नजर यंत्राकडे वळवली. "धिस."

तिच्या हातातला रक्तदाबाचा पट्टा तसाच राहिला. सर पुढे इंग्रजीतच बोलत राहिले, सावकाश, तिला कळावं म्हणून सोपं. इथं येण्यासाठी आदला दिवस जातो. इथून गेल्यावर दुसरा दिवस पडून जातो. मधे उरतं ते जगणं मला नकोसं झालंय. डॉक्टरांना मी सांगेन. पण हिला आत्ता सांगू नको. शी विल ब्रेक डाऊन.

"डोन्ट गिव्ह अप, सर," पंचशीला म्हणाली. 

सर नुसते तिच्याकडे बघत राहिले.

गुणाबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. "काय म्हणून राहिले?"

"काही न्हाई काकू," पंचशीला म्हणाली. "शिकवून राहिले."

त्या दुपारी स्कूटीवरून घरी जाताना तिला सारखं तेच आठवत होतं. सरांचं वाक्य न् वाक्य तिला कळलं होतं. कुठंही अडलं नव्हतं. शिकवणीच्या सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिनं एवढं इंग्रजी सलग ऐकलं आणि समजून घेतलं होतं, आणि ते शेजारी बसलेल्या बाईपासून लपवण्यासाठी होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना सांगितलं. ते तिचं कामच होतं. डॉक्टर बराच वेळ फाइल चाळत राहिले. म्हणाले, "त्यांच्या हृदयाला हे आता झेपत नाही, हे खरं आहे. थांबवायचं की नाही, तो निर्णय त्यांचा. पण घरच्यांना कळायला हवं. शुक्रवारी बोलू."

शुक्रवारी डॉक्टरांच्या आधी गुणाबाईंनीच तिला व्हरांड्यात गाठलं. हातात पिशवी, पिशवीत सरांची चादर. चेहरा ओढलेला.

"बाई, मंगळवारी ते काय म्हणाले?"

"शिकवणी..."

"न्हवती शिकवणी." गुणाबाईंचा आवाज चढला नाही. "शिकवताना ते एकदा तरी रागावतेत. चाळीस वर्सं बघून राहिले मी. पोरगा असो, पुतण्या असो, तू असो. मंगळवारी तू बोललीस, अन् ते रागावले न्हाईत. नुसते बघत ऱ्हायले. मला इंग्रजी येत न्हाई, पर एवढं कळतंय."

 सांगावं तर सरांचा विश्वास मोडतो. न सांगावं तर ही बाई अशीच व्हरांड्यात उभी राहणार.

"काकू, माझ्या तोंडून नको," ती शेवटी म्हणाली. "चला."

तिनं गुणाबाईंचा हात धरला आणि आत खिडकीजवळ नेलं. सर पलंगावर बसले होते, बाही वर करून. तिनं सुयांचं तबक बाजूला ठेवलं.

"सर, मंगळवारचं वाक्य."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "नॉट नाऊ, सिस्टर."

"सर, हे मराठीत सांगा."

असं ती कोणत्याच शिक्षकाशी कधी बोलली नव्हती.   सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. एकतीस वर्षं वर्गात उभं राहून बोलणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळवता येईना.

"गुणा," ते म्हणाले. "मला आता घरीच ऱ्हायचंय."

 गुणाबाईंनी पिशवीतली चादर काढली, परत आत ठेवली.

"किती दिस?" त्यांनी पंचशीलाला विचारलं.

"दहा. पंधरा. नक्की सांगता येत न्हाई काकू."

"तरास?"

"औषधं देतेत डॉक्टर. झोप जास्ती येईल."

गुणाबाई वळून नवऱ्याला म्हणाल्या, "इंग्रजीत तिला सांगितलंत. अगोदर मला इचारायचं. मी न्हाईच म्हणले असते. पर इचारायचं तर होतं."

"चुकलं," सर म्हणाले.

त्या दोघांना तसंच सोडून पंचशीला दुसऱ्या यंत्राकडे गेली. तिकडच्या पेशंटची नळी नीट होती तरी ती तपासत बसली.

सरांचा पुण्याचा मुलगा शिवशंकर आला. डॉक्टरांशी भांडला, आईशी भांडला, "नर्सनं डोक्यात भरवलं" असंही म्हणाला. पंचशीलानं ऐकून घेतलं. दोन दिवसांनी तोच तिच्याकडे औषधांची वेळ लिहून घ्यायला आला आणि वडिलांना गाडीत घालून धर्माबादला घेऊन गेला.

सरांना घरी नेल्यावर नवव्या दिवशी तिला सुट्टी होती. ती धर्माबादला गेली. वाटेत तिनं सरांना विचारायच्या दोन-तीन शंका मनात काढून ठेवल्या होत्या. पुन्हा द्यायची परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. पण सर झोपेतच होते. मधेच जागे व्हायचे, तेव्हा बोलायचे ते लहानपणीच्या गावातलं, कोण्या बसम्मानं शेतात दिलेल्या भाकरीबद्दल. शंका तशाच राहिल्या.

गुणाबाई उशाशी तांब्या घेऊन बसल्या होत्या. डायलिसिसच्या पेशंटला पाणी मोजून द्यावं लागतं. तीन वर्षं त्यांनी नवऱ्याला वाटीनं पाणी दिलं होतं, उन्हाळ्यात तर हात जोडून अडवलं होतं. आता सर "पाणी" म्हणाले की त्या फुलपात्र काठोकाठ भरत. सर दोन घोट घेत. उरलेलं त्या तसंच धरून बसत.

"आता पेऊ द्यावं वाटतंय, तर पेववत न्हाई," त्या म्हणाल्या.

बाराव्या दिवशी सर गेले. निरोप आला तेव्हा पंचशीला ड्यूटीवर होती. खिडकीजवळच्या यंत्रावर लोहा गावची एक बाई होती, तिच्या सुया काढून तिनं दहा मिनिटं कापसाचा बोळा दाबून धरला, रक्त थांबेपर्यंत. मग आत जाऊन तोंड धुतलं.

हैदराबादची परीक्षा तिनं दिली. समोरचा माणूस एका म्हाताऱ्या रुग्णाच्या मुलाचं सोंग घेऊन तावातावानं बोलत होता. वडिलांना तीन तास बाहेर बसवून ठेवलं, म्हणत होता. पंचशीलानं त्याला पूर्ण बोलू दिलं. मग तिच्या तोंडून आपोआप आलं की तुम्हाला हे सहन करावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. पुट अप विथ. सुई टोचायच्या आधी जसं यायचं, तसंच. तो माणूस आवाज खाली आणून बोलायला लागला.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. पास. आनंदराजनं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. धम्मप्रियानं लातूरहून फोनवर किंकाळी फोडली. कागदपत्रं, व्हिसा, जायचं की नाही, किती वर्षांसाठी, हे सगळं पुढे होतं.

रविवारी ती धर्माबादला गेली. पेढे न्यावेत की नाही ते ठरेना, म्हणून तिनं मोसंबी घेतली. गुणाबाई ओट्यावर लाल मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. हवेत ठसका होता. पंचशीला पायरीजवळ उभी राहूनच म्हणाली, "काकू, पास झाले."

"झालीस?" गुणाबाईंचा चेहरा उजळला आणि तसाच थोडा वेळ राहिला. "त्याइला कळायला पायजे होतं."

मग हातातली मिरची सुपात टाकत त्या म्हणाल्या, "शेवटच्या दिशी ते इंग्रजी बोलले, बाई. दुसरं काहीच न्हाई. पोरगं औषध आणायला गेलतं. मी उशाशी उभी होते, काय करावं ते सुचंना. त्याइनं डोळे उघडले अन् म्हणाले, सिट डाऊन. मी इचारलं, काय वो? तर पुन्हा तेच. सिट डाऊन. आवाज तसाच, शाळेतल्यावानी. त्याइच्या डोळ्यापुढं पोरं उभी ऱ्हायली असतील, वर्गात आल्यावर ऱ्हातेत तशी."

त्यांनी नाकाला पदर लावला. मिरचीचा ठसका असेल.

"एवढं इंग्रजी मला येतंय," त्या म्हणाल्या. "मी बसले."