रक्त परत आल्यावर

बरोबर पाच मिनिटांनी ओकरानने उंदराच्या गळ्यातल्या रक्तवाहिन्यांवरचे दोन्ही चिमटे काढले. मेंदूकडे रक्त पुन्हा वाहू लागलं. कोरियातल्या छुन्छॉन शहराच्या प्रयोगशाळेत हे काम ती तेवीस वर्षं करत होती. प्राध्यापक बदलले, पण टाके घालायला ओकरानच.

तासाभरात उंदीर शुद्धीवर येई, इकडेतिकडे पळे, बिया फोडून खाई. बघणाऱ्याला वाटावं, निभावलं. पण रक्त परतल्यावरच मेंदूतल्या पेशींमध्ये काही एन्झाइम जागे होतात, निरोप पुढे पुढे धाडत जातात, आणि चौथ्या दिवशी पेशींची अख्खी रांग मेलेली दिसते. ती रांग ओकरानने सूक्ष्मदर्शकाखाली हजारदा पाहिली होती.

म्हणूनच मार्चमधली ती सकाळ तिला सोडत नव्हती.

न्याहारीला बसलेल्या तिच्या नवऱ्याच्या, साँगतेच्या, हातातून चमचा गळून पडला. तोंडाची उजवी कड ओघळली, शब्द जड झाले. तो बॉयलर दुरुस्त करायचा. आदल्या संध्याकाळी पिऊन आला होता आणि दोघांचं चांगलंच वाजलं होतं.

"किती ढोसली होती काल?" तिने विचारलं.

पाचेक मिनिटांत सगळं जागेवर आलं. "तुझं सार इतकं तिखट, की जीभच लुळी पडली," म्हणत त्याने वाटी संपवली. हे दारूचं नव्हे, मेंदूचं रक्त थोडा वेळ अडल्याचं लक्षण, हे तिला कळलं होतं. पण त्या दिवशी बारा उंदरांवर काम ठरलेलं होतं, मनातला रागही गेला नव्हता. तिने बूट चढवले.

तिसऱ्या दिवशी तो एका गिऱ्हाइकाकडे बॉयलरपाशीच कोसळला. उजवं अंग गेलं, वाचाही जवळजवळ गेली. आधी काही लक्षण दिसलं होतं का, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ओकरान 'नाही' म्हणाली. कागदावर तसंच लिहिलं गेलं. नणंद येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, घरात मेंदूतलं कळणारी बाई आहे म्हणून भाऊ वाचला. ओकरान मान खाली घालून ऐकून घ्यायची.

मेमधल्या एका शनिवारी दुपारी तिने रुग्णालयात त्याला पेज भरवली, तोंड पुसलं आणि वाडगा हातात तसाच धरून, लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाली, "नारेचे बाबा, त्या सकाळी मला कळलं होतं. तरी मी गेले."

तो एकेक शब्द ओढून काढल्यासारखा म्हणाला, "मला... पण."

डाव्या हाताची तीन बोटं त्याने वर केली. त्या सकाळच्या आधीही तीनदा त्याचा उजवा हात बधिर झाला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"तुझं... काम," तो म्हणाला. "रजा... पडली असती."

तिला वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. ती उठून परिचारिकेच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "माझ्या नवऱ्याच्या कागदात एक ओळ खोटी आहे. मीच सांगितली होती. बदलायची आहे." परिचारिकेने कागद काढला. ओकरानने तारीख सांगितली, वेळ सांगितली, किती मिनिटं तेही सांगितलं.

परत येऊन ती पलंगाच्या कडेला बसली. त्याचा उजवा हात मांडीवर घेतला आणि वाढलेली नखं एकेक करून कापू लागली.

"लागलं तर सांगा," ती म्हणाली.

त्या हाताला काहीच कळत नव्हतं. तरी त्याने मान डोलावली.