चौथं पान

रविवार, ७ जानेवारी २००७. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी राजशेखर बेल्लद राजारामपुरीतल्या आपल्या दारात सायकलवरून उतरले, बूट बदलले आणि घरात न शिरता पळत सुटले.

सुष्मिताबाईंनी नवऱ्याला खिडकीतून पाहिलं आणि त्या फळ्याकडं वळल्या. पुढच्या खोलीत त्यांचा नववीच्या गणिताचा क्लास चालू होता. बाहेर पायरीवर जोतीराम सर स्टॉपवॉच घेऊन बसले होते. सर म्हणजे निवृत्त खेळाचे शिक्षक. सायकलीच्या शर्यतीशी त्यांचा संबंध कधी आला नव्हता, पण घड्याळ त्यांचं होतं, त्यामुळं प्रशिक्षकही तेच झाले होते.

राजशेखर यांचं कापडाचं दुकान. वय चव्वेचाळीस. येत्या २४ फेब्रुवारीला मलेशियातल्या एका बेटावर त्यांना पावणेचार किलोमीटर पोहायचं होतं, लगेच १८० किलोमीटर सायकल मारायची होती आणि लगेच ४२ किलोमीटर पळायचं होतं. त्याच्या तयारीचं वेळापत्रक त्यांनी सायबर कॅफेतून छापून आणून फ्रिजवर चिकटवलं होतं. दर रविवारी लांब सायकल आणि उतरल्या उतरल्या पळणं. या जोडव्यायामाला तिकडं ब्रिक, म्हणजे वीट म्हणतात, हे कळल्यापासून रविवार आला की ते "आज वीट आहे" म्हणत.

"वीट आली की वीट आला?" सुष्मिताबाई विचारत. "तुमची आली असेल. मला आलाय."

त्या रविवारच्या चौकटीत लिहिलं होतं: सायकल १००, पळणे ६. राजशेखर साडेसहाला निघून निपाणीच्या पुढं दहा किलोमीटरवर वळून आले होते. फ्रिजवरच्या तीन पानांत शंभराहून मोठा आकडा नव्हता. मग एकशे ऐंशी कधी करायचे, असं त्यांनी एकदा सरांना विचारलं होतं.

"मैदानाआधी पैलवान काय आख्खी कुस्ती खेळतोय व्हय?" सर म्हणाले होते. "थोडं अंगात राखायचं, शेट. उरल्यालं लोकं टाळ्या वाजवून वडून न्हेत्यात."

वेळापत्रकाचं चौथं पान सुष्मिताबाईंच्या कपाटात होतं. जवळजवळ कोरं म्हणून राजशेखरनी ते नोव्हेंबरात रद्दीत टाकलं, आणि पाठकोऱ्या कागदावर चाचणी घ्यायची बाईंची सवय. एका मुलीचा पेपर तपासून त्यांनी कागद उलटला. एकच ओळ होती. स्पर्धेचा दिवस: २.४, ११२, २६.२. बाईंनी १८० ला ११२ नं भागलं. उत्तर आलं एक पूर्णांक सहा दशांश. आकडे मैलांत होते. फ्रिजवरचे शंभर म्हणजे एकशे साठ किलोमीटर.

उत्तरापुढं एकक नसेल तर अर्धा गुण कापायचा, हा त्यांच्या क्लासचा नियम. नवऱ्याचा अर्धा गुण त्यांनी कापला नाही. संध्याकाळी सांगू, असं मनाशी म्हणाल्या. पण शंभर किलोमीटरवाला नवरा बाराला जेवायला घरी असतो आणि चारला दुकान उघडतो. एकशे साठवाला चारपर्यंत रस्त्यावरच राहिला असता. डिसेंबरभर हे बरं वाटलं. मग विमानाचं तिकीट आलं. आता सांगायचं तर नोव्हेंबरात का सांगितलं नाही, तेही सांगावं लागणार होतं.

पुढचा रविवार संक्रांतीचा. चौकटीत पुन्हा शंभर.

"नेसरीला महांतेशला तिळगूळ देऊन या," सुष्मिताबाई म्हणाल्या. महांतेश त्यांचा धाकटा भाऊ. "सायकलनं जा, सायकलनंच या."

"नेसरी ऐंशी आहे. जाऊन येऊन एकशे साठ होतात. चौकटीत शंभर आहेत."

"वरचे साठ सणाचे."

"वैनी, येवढ्यानं गडी मोडंल," सर म्हणाले.

"मोडायचा तर इथं मोडू दे, सर. तिथनं उचलून कोण आणणार?"

राजशेखर गेले. साडेतीनला दारात जीप थांबली. टपावर सायकल बांधलेली, आत राजशेखर झोपलेले.

"ह्यांना सायकलनंच यायला सांगितलं होतं," सुष्मिताबाई म्हणाल्या.

"आक्का, सणादिवशी जावई दारात आला आणि मी त्याला सायकलवर परत लावू?" महांतेश म्हणाला. "गावात तोंड दाखवायचं हाय की मला. पाच पोळ्या हानल्यात दाजींनी. त्यांचंबी मन न्हवतंच."

सरांनी वहीत नोंद केली: ऐंशी, वारा समोरून, सबब शंभर धरावेत.

त्यानंतर वेळापत्रकातले आकडे उतरत गेले. शर्यत जवळ आली की ते उतरायचेच असतात, असं सरांनी समजावलं. निघायच्या आदल्या दिवशी सुष्मिताबाईंनी चौथ्या पानावरच्या त्या ओळीखाली लाल शाईनं लिहिलं, "एकक: मैल", आणि कागद बॅगेत टॉवेलखाली ठेवला.

गुरुवारी संध्याकाळी मलेशियाहून फोन आला.

"तुझा कागद सापडला," राजशेखर म्हणाले. "त्या पोरीला दहापैकी तीनच? फार कडक तपासतेस."

"मागची बाजू बघितलीत?"



"सरांना सांग, सायकल न मोडता पोचली," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शनिवारी दुपारी दोनला सुष्मिताबाई आणि सर सायबर कॅफेत बसले होते. शर्यत आपल्याकडच्या वेळेनुसार पहाटे साडेचारला सुटली होती. सायकल तीनच्या आत संपली नाही तर स्पर्धकाला बाहेर काढणार होते. पडद्यावर बेल्लद नावापुढं शर्यत सुटल्यापासूनच्या वेळेच्या तीन नोंदी होत्या. पोहणं १ तास ३८ मिनिटं. ९० किलोमीटर, ५ तास ४९. १४४ किलोमीटर, ८ तास १९.

"म्हणजे पाऊणला तिथं हुता," सर म्हणाले. "छत्तीस राह्यलं. हुतंय की."

"सर, फ्रिजवरचे शंभर मैल होते."

सरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग मोजणं सोडून दिलं.

"कवा कळालं?"

"नोव्हेंबरात."

"शेटना ठावं हाय?"

"कागद सापडला म्हणाले. कुठल्या बाजूनं वाचला, ते बोलले नाहीत."

सरांनी स्टॉपवॉच खिशातून काढून की-बोर्डजवळ ठेवलं. ते चालू केलेलं नव्हतं.

दोन वाजून बावन्न मिनिटांनी सुष्मिताबाईंनी पडद्यावरचं पान पुन्हा उघडलं. १४४ किलोमीटर, ८ तास १९. पुढचा रकाना रिकामा होता.